किल्लीकाकूंचं दार

बाजाराच्या कोपऱ्यावर, चष्म्याचं दुकान आणि चपला शिवणारा यांच्या मधल्या फटीत किल्लीकाकूंचं दुकान होतं. दुकान म्हणायचं ते आपल्या समाधानासाठी. एक फळी, तिच्यावर किल्ल्या कापायचं मशीन, मागे भिंतभर खिळ्यांना टांगलेल्या कोऱ्या किल्ल्या आणि स्टुलावर स्वतः काकू. त्यांचं खरं नाव दुकानाच्या परवान्यावर असेलही, पण तो वाचायच्या फंदात कुणी पडलं नव्हतं. ज्याची किल्ली हरवली तो काकूंकडे येई, ज्याचं कुलूप रुसलं तो काकूंना घेऊन जाई, आणि ज्याचं दोन्ही ठाकठीक असे तो नुसताच गप्पा मारायला येऊन टेके.

काम करताना काकू जिभेचं टोक दातांत धरत. किल्ली मशीनवरून उतरली की तिच्यावर एक फुंकर, मग कानशीचे दोन हात, मग अंगठा फिरवून बघणं. अंगठ्याला पटलं तरच किल्ली गिऱ्हाइकाच्या हातात पडे. त्यांचे नियमही कडक. कुणाच्या किल्लीची नक्कल स्वतःकडे ठेवायची नाही आणि मालक शेजारी उभा असल्याशिवाय कुठल्याही दाराला हात लावायचा नाही. "मालक नसेल तर मी कुलपाकडे बघतसुद्धा नाही," असं त्या सांगत, आणि सांगताना मान जरा ताठ होई. आता माणसाने इतक्या ताठ मानेने काही सांगू नये, पुढे अंगाशी येतं. पण ते ओघाने येईलच.

एवढ्या लोकांची दारं राखणाऱ्या या बाईच्या स्वतःच्या घरात मात्र दिव्याखाली अंधार होता. त्याचं कारण त्यांचे यजमान. फार भला माणूस. धंदा त्यांचाच, काकू त्यांच्याच हाताखाली शिकल्या. नव्या शिकाऊ माणसाने गिऱ्हाइकाची किल्ली बिघडवू नये म्हणून ते त्याला नमुन्याला आपल्या घराची किल्ली देत. शिकाऊ माणूस दिवसभर तीच कापे. बिघडलेल्या भंगारात जात, पण साधलेल्या टाकायच्या कशा? मेहनत असते त्यात. मग एक मोठ्या दिरांना, एक धाकट्या दिरांना, एक नणंदेला, एक तिच्या नवऱ्याला, एक शेजारी असू दे म्हणून. यजमानांनी आयुष्यभर शिकाऊ माणसं ठेवली, आणि सगळी हुशार निघाली. त्यामुळे निम्म्या गोतावळ्याच्या खिशात काकूंचं घर होतं.

कोण कधी आत येईल याचा नेम नसे. काकू न्हाऊन बाहेर याव्यात तर मोठे दीर पेपर वाचत बसलेले. दुपारी जेवायला घरी यावं तर भांडं रिकामं, आणि नणंदेचा नवरा म्हणणार, "वहिनी, मीठ किंचित कमी होतं." एकदा तर पलंगावर अनोळखी इसम घोरत होता, तो जुन्या शिकाऊ माणसाचा मेहुणा निघाला, गाडी चुकली म्हणून आला होता. काकूंनी त्यालाही चहा दिला. करता काय?

त्या घराचं दार वाजवून येणारा माणूस जगात एकच होता, तो म्हणजे विजेचं मीटर बघणारा. तो टकटक करी, आतून "कोण?" विचारेपर्यंत थांबे, "येऊ का?" म्हणे. काकू त्याला खुर्ची देत, पाणी देत, घरच्यांची चौकशी करत. यजमान चिडवायचे, "मीटरवाल्याचं एवढं कौतुक?" काकू हसण्यावारी नेत. पण खरं सांगायचं तर महिन्यातून एकदा कुणीतरी आपल्याला विचारून आपल्या घरात येतं, याचं त्यांना फार अप्रूप होतं.

यजमान जाऊन काही वर्षं झाली. शिकाऊ माणसं बंद झाली, पण किल्ल्या काही परत आल्या नाहीत, आणि कुलूप बदलून माणसं दुखवणं काकूंच्या जिवावर येई. घरात आता काकू, मुलगा आणि सून. भाड्याच्या दोन खोल्या, मधे दाराऐवजी पडदा. मुलगा बसडेपोत मेकॅनिक. मनाने सोनं, आवाजाने भोंगा. दिवसभर इंजिनांच्या वरताण बोलून बोलून घरीही तो "मीठ दे" असं म्हणे तेव्हा शेजारचे वाटी घेऊन उठत. सून दातांच्या डॉक्टरांकडे हत्यारं हातात द्यायच्या कामावर. तिचा आवाज इतका मऊ की "दूध नासलं" हेसुद्धा ती "अजिबात दुखणार नाही हं" या सुरात सांगे.

तर एके दिवशी मुलाने जाहीर केलं की आता स्वतःचं घर घ्यायचं. तिघांनीही वर्षानुवर्षं त्यासाठी पोटाला चिमटा काढलाच होता. त्याने एक एजंटही गाठला. एजंट सतत हसे. फोनवर हसे, जिना चढताना हसे, गळकं छत दाखवतानाही हसे. काकूंनी पहिल्याच दिवशी त्याचं नाव 'हसरा' ठेवलं.

हसऱ्याने पहिल्याच भेटीत चहाच्या कपाबश्या मांडून घरांचे प्रकार समजावले. "हे बघा काकू, सगळा खेळ भिंतींचा. चारही भिंती आपल्या, भोवती मोकळी जागा, ते स्वतंत्र घर. दोन घरं पाठीला पाठ नाहीतर कुशीला कूस लावून, मधली एक भिंत दोघांची, ते जुळं घर. ओळीने घरं, दोन्हीकडे शेजारी, ते रांगेतलं. त्याच रांगेच्या कडेचं ते टोकाचं. तिथे एका अंगाने वारा, म्हणून भाव जरा चढा. आणि वर एक मजला, खाली एक मजला, आतून जिना, घर मात्र एकच, ते डुप्लेक्स. कळलं?"

"भिंती कळल्या," काकू म्हणाल्या. "दारं किती?"

"दारं भरपूर, काकू. मोठ्या घराला सात-आठ तरी."

"ती नव्हे. बाहेरची."

हसऱ्याला हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता. "बाहेरचं एकच की. सेफ्टीसाठी तेच चांगलं." काकू "हं" म्हणाल्या आणि कपाबश्या गोळा करू लागल्या.

मग घरं बघणं सुरू झालं, आणि नाव सोनूबाई हाती कथलाचा वाळा म्हणजे काय ते तिघांना पुरेपूर कळलं. 'स्वतंत्र' म्हणून दाखवलेलं घर शेजारच्या घरापासून इतकंच स्वतंत्र होतं की मधे केरसुणीसुद्धा आडवी शिरली नसती. 'बागेसह' म्हणून दाखवलेल्या फ्लॅटची बाग म्हणजे चार कुंड्या, त्यातल्या दोन शेजाऱ्याच्या. एक 'मोकळ्या रचनेचं' होतं. तिथे पलंगावर पडल्या पडल्या चुलीवरचं भांडं ढवळता येत होतं. मुलगा म्हणाला, "आजारी माणसाला सोयीचं आहे." हसरा मनापासून हसला, कारण त्याला वाटलं, गिऱ्हाईक पटलं.

मुलगा नळ सोडून बघे, भिंतीवर गुद्दे मारून बघे. सून खिडकीशी उभी राहून ऊन कुठून येतं ते बघे. काकू दाराशी थांबून लॅच उघडत, मिटत, बिजागरीला बोट लावत. तिघांचे तीन कारभार, पण दिवस मजेत जात होते.

आणि मग मुलाला ते डुप्लेक्स दिसलं. घर खरंच चांगलं होतं, त्यात काही खोट काढण्यासारखी नव्हती. खाली बैठक, स्वयंपाकघर आणि एक खोली. वर दोन खोल्या आणि गच्ची. मुलगा खालच्या खोलीच्या मध्यभागी उभा राहिला आणि हात पसरून म्हणाला, "आई, ही तुझी. आम्ही वर. स्वयंपाक एक, दार एक. तुला काहीएक करायला नको. येता-जाता आमचं लक्ष राहीलच तुझ्यावर."

त्या 'येता-जाता'सरशी काकूंनी जिन्याकडे बघितलं. जिना त्यांच्याच खोलीच्या दारावरून जात होता. मुलगा येणार-जाणार, सून येणार-जाणार, दीर-नणंदा येणार-जाणार, आणि काकू मधे बसणार, बसस्टॉपवरच्या बाकासारख्या. त्यांना मुलाचा कंटाळा आला होता का? छे. सुनेशी वाकडं होतं का? मुळीच नाही. त्यांना फक्त एक दार हवं होतं. आपलं. कुणी वाजवलं तर आपण उठून उघडू असं, आणि नाही वाटलं उठावंसं, तर जरा वेळ न उघडू असंसुद्धा. आणि ते दार या दोघांपासून लांब नको होतं, अगदी हाकेच्या अंतरावर हवं होतं. हसऱ्याने 'जुळं घर' म्हटलं तेव्हापासून तो शब्द त्यांच्या डोक्यात घर करून बसला होता. एक भिंत दोघांची, दारं दोन. अशी एक जोडी त्याच्याकडे विकायला होतीही, दोन्ही घरं रिकामी. घरं छोटी होती, पण दोन्ही मिळून डुप्लेक्सच्याच भावात बसत होती.

पण बोलायचं कसं? मुलगा म्हणेल, आईला आम्ही नकोसे झालो. दीर म्हणतील, सुनेनं सासूला बाहेर काढलं. नणंद काय म्हणेल ते तर न ऐकलेलंच बरं. बोलावं तर पंचाईत, न बोलावं तर डुप्लेक्स. म्हणून काकूंनी बाईमाणसाचा जुना मार्ग धरला. त्या डुप्लेक्सला नावं ठेवू लागल्या.

"जिना फार उभा आहे रे," त्या म्हणाल्या.

"पण तू खाली राहणार आहेस, आई."

"हिला चढायला म्हणते मी."

आणि नवल म्हणजे सूनही तशीच. "आमच्या पावलांचा आईंना त्रास होईल," ती मऊ आवाजात म्हणाली.

"मी चपला काढून चालेन."

"तुमच्या बोलण्याचाही होईल."

मुलगा कधी हिच्याकडे बघे, कधी तिच्याकडे. "सासू-सून एका सुरात बोलायला लागल्या," तो म्हणाला, "म्हणजे एकतर भूकंप होणार आहे, नाहीतर कट शिजतोय." भूकंप नव्हता आणि कटही नव्हता. दोघीही आपापल्या ठिकाणी मूग गिळून बसल्या होत्या. शेवटी मुलाने सांगून टाकलं, "रविवारी मी त्याला होकार कळवणार. शोधत बसलो तर म्हातारा होईन." काकूंना त्या आठवड्यात दोन किल्ल्या फुकट कापाव्या लागल्या, कारण पहिल्या बिघडल्या होत्या. बाजारात याची चर्चा झाली.

त्याच आठवड्यात एका दुपारी हसरा दुकानाशी आला. तो जरा कमी हसत होता. त्या जुळ्या घराच्या डाव्या अर्ध्याचं लॅच अडकलं होतं, किल्ली फिरत नव्हती. काकूंनी पिशवी उचलली. या घराविषयी त्यांनी हसऱ्याला आडून आडून बरंच विचारलं होतं आणि घरी बोलायचं नाही असं बजावलंही होतं. आता आयतंच बोलावणं आलं. ताकाला जाऊन भांडं लपवायची गरजच उरली नाही; काम ते काम.

गल्ली शांत होती. घर बैठं, कौलं जुनी पण धड. दोन दारं शेजारी शेजारी, दोन्हींना दोन दोन पायऱ्या, मधे गुडघाभर उंचीचा कठडा. हसरा शेजारी उभा होता, म्हणजे मालकाचा माणूस हजर होता, तेव्हा नियमाला धरूनच काकूंनी डावं लॅच सोडवलं. आत गंज, बाकी काही नाही. तेवढ्यात हसऱ्याचा फोन वाजला आणि तो बोलत बोलत गल्लीच्या टोकाला गेला.

काकू आत शिरल्या आणि दार लोटलं. लॅच खट्‌ करून बसलं. एक खोली, आत स्वयंपाकघर, मागे कपडे वाळत घालण्यापुरती जागा. खिडकीतून ऊन येऊन फरशीवर पडलं होतं. काकू त्या उन्हात पाय पसरून खाली बसल्या. या दाराची किल्ली गोतावळ्यातल्या कुणाच्याच खिशात नव्हती. त्या नुसत्या बसल्या होत्या, आणि त्यांना इतकं बरं वाटत होतं की त्यांची त्यांनाच लाज वाटली.

तेवढ्यात भिंतीपलीकडून गाणं आलं. गाणं कसलं, एकच ओळ. वर चढायची जागा आली की आवाज ती गिळून टाकी आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. काकू ताठ बसल्या. ही ओळ त्या रोज सकाळी भांडी घासताना ऐकत होत्या. ती अर्धवट गिळण्याची तऱ्हा जगात दुसऱ्या कुणाची असणं शक्य नव्हतं.

काकू उठल्या. बाहेर आल्या, कठड्याला वळसा घालून उजव्या दारापुढे उभ्या राहिल्या. दार बंद होतं. आता कुणीही शहाण्या माणसाने काय केलं असतं? दार वाजवलं असतं. पण काकूंच्या घराण्यात दार वाजवायची रीतच नव्हती. त्यांचा हात पिशवीत गेला, पातळ पट्टी बाहेर आली, फटीत सरकली, जिभेचं टोक दातांत आलं, आणि पापणी लवायच्या आत दार उघडलं. नियम, मालक, ताठ मान, सगळं पायरीवरच राहिलं.

आत सून फरशीवर वर्तमानपत्र पसरून, पाय लांब करून, डबा खात बसली होती. ती तोंडात घास धरून काकूंकडे बघत राहिली. मग गिळला आणि म्हणाली, "आई, दार वाजवायचं तरी."

"तू इथे काय करतेयस?" काकूंनी दरडावलं. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या या.

"जेवतेय. तुम्ही काय करताय?"

"मी कामावर आहे. लॅच बिघडलंय म्हणून बोलावलं."

"या दाराचं?"

"शेजारच्या."

"मग हे का उघडलंत?"

काकू पट्टी पिशवीत घालायला लागल्या, ती नेमकी तेव्हाच जाईना.

सून सरकली आणि वर्तमानपत्रावर जागा केली. काकू बसल्या. मग सून म्हणाली, "मी तिसऱ्यांदा आलेय. जेवायच्या सुट्टीत हसरा किल्ली देतो. मी दार लावते, डबा खाते आणि जाते. बस. कुणी येत नाही म्हणून यायचं."

"आमच्या घरी फार येतात ना?" काकू कळवळून म्हणाल्या. "माहितीये गं मला. सगळी जन्माची खोड आमच्या माणसांची. भावजी काय, वन्सं काय. मला काय कमी सोसावं लागलं?"

सून डब्याचं झाकण लावत होती. तिचा आवाज आणखी मऊ झाला, तेव्हाच काकूंनी सावध व्हायला हवं होतं. "आई, ते महिन्यातून एकदा येतात. रोज तुम्ही येता."

"मी?"

"आमच्या पडद्यातून. बोलत बोलतच येता. तुमचं वाक्य बाहेर सुरू होतं आणि आमच्या पलंगाशी संपतं. लग्न झाल्यापासून मी एकदासुद्धा दार लावून बसलेली नाही. आपल्याकडे लावायला दारच नाही."

दातांच्या डॉक्टरांकडे काम करणाऱ्या माणसाचा हात हलका असतो, पण दाढ मुळासकट निघते. काकूंच्या वर्मी लागलं. आयुष्यभर त्या स्वतःला सोसणाऱ्यांतली समजत आल्या होत्या; आपणही त्याच खिशात किल्ली बाळगणाऱ्या टोळीतल्या आहोत, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं. आणि आत्ता तर हातात पट्टी होती, नाही म्हणायचीही सोय नव्हती.

"रागावलात?" सुनेने विचारलं.

"रागावले," काकू म्हणाल्या. "पण तुझ्यावर नाही. थांब जरा." त्यांनी पट्टी एकदाची पिशवीत कोंबली. मग म्हणाल्या, "मला डावं आवडलंय."

"मला उजवं," सून म्हणाली, आणि दोघींना हसू फुटलं. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. हसरा धावत आला, दारात दोघींना एकत्र बघून त्याचं हसू पार मावळलं. "मी कुणाला काही बोललेलो नाही हं," तो आधी काकूंना म्हणाला आणि मग सुनेला. बिचाऱ्याने दोघींचीही गुपितं इमानाने पोटात ठेवली होती. दोघींनी त्याला तिथेच माफ केलं.

खरी परीक्षा संध्याकाळी होती. जेवणं झाल्यावर काकूंनी विषय काढला आणि एका दमात सांगून टाकला. मुलगा ऐकत गेला. पहिल्यांदाच त्याचा आवाज लहान झाला, आणि त्याने काकू जास्त घाबरल्या.

"म्हणजे मी माझ्या आईकडे दार वाजवून जायचं?"

"हो."

"मी काय मीटरवाला आहे?"

"तसं नाही रे..."

"मग कसं? बाबांना शब्द दिलाय मी, आईला एकटं ठेवणार नाही. आता सगळ्यांना काय सांगू? आईला शेजारी ठेवलंय?" सून काही बोलायला गेली, त्याने हातानेच थांबवलं. "तू नको. हे आईने सांगू दे. काय कमी पडलं तुला?"

काकूंनी पदराशी चाळा करणं थांबवलं. जे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं ते आता सांगायची वेळ आली होती. "तुझे बाबा गेले त्या दिवशी," त्या म्हणाल्या, "घर भरलेलं होतं. सकाळपासून लोक येतच होते, आपापल्या किल्लीने. चांगलेच होते सगळे, मायेनं आले होते. पण मला रडायला कोपरा मिळेना. जिथे जावं तिथे कुणीतरी पाठीवरून हात फिरवायला हजर. शेवटी दुपारी मी दुकानात गेले. फळीआड बसले, मशीन चालू केलं, नुसतंच. किल्ली-बिल्ली काही लावली नव्हती. त्या आवाजात रडून घेतलं आणि परत आले."

मुलगा म्हणाला, "मी ऐकलं होतं ते मशीन. तुला शोधत आलो होतो बाजारात. लांबूनच आवाज ऐकला आणि परत फिरलो." "मला वाटलं, आजच्या दिवशीसुद्धा आईला धंदा सुचतोय. मनात धरून होतो मी, इतकी वर्षं."

काकूंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. डोक्याला ग्रिसचा वास येत होता, लहानपणी तेलाचा यायचा. दोन खोल्यांच्या त्या घरात तेवढा वेळ कुणी किल्ली फिरवून आत आलं नाही, हेही एक आश्चर्यच.

"भिंत कशी आहे?" मुलाने शेवटी विचारलं. आवाज पुन्हा वाढला होता, म्हणजे गाडी रुळावर येत होती.

"पातळ," सून म्हणाली.

"हिचं गाणं ऐकू येतं," काकू म्हणाल्या.

"मग आईने काय सुख बघितलं त्यात?" तो म्हणाला. "आणि किल्ली? एखादी तरी देशील का मला?"

"एक देईन. मी पडले-झडले, हाकेला ओ दिली नाही, तर उघडायचं. एरवी खिशातून बाहेर काढायची नाही."

"आणि काकांना?"

"काकांना चहा देईन."

रविवारी होकार गेला, पण जुळ्या घराला. हसरा इतका हसला की फोन हातातून पडला. सामान हलवण्याच्या दिवशी दीर, नणंद, नणंदेचा नवरा सगळे झाडून आले आणि खपले; माणसं खरंच मायेची होती. जाताना मोठ्या दिरांनी जुन्या सवयीने विचारलं, "नव्या किल्ल्या कधी पाडणार?" काकू म्हणाल्या, "बेल बसवतेय, भावजी." दिरांनी जरा डोकं खाजवलं. मग म्हणाले, "बरं, वाजवू." एवढंच. ज्याची इतकी वर्षं धास्ती घेतली होती ते असं दोन शब्दांत आटोपलं, याचा काकूंना थोडा रागही आला.

संध्याकाळी काकू आपल्या अर्ध्यात होत्या. बाहेर पायरीवर पावलं वाजली आणि थांबली. बराच वेळ काहीच झालं नाही. मुलाला दार वाजवायची सवयच नव्हती. बेल अजून बसली नव्हती. नुसती हाक मारावी तर ते दार वाजवून येणं होणार नाही, एवढं त्याला कळत होतं. शेवटी त्याने वाजवलं. इंजिनाचं झाकण ठोकतात तसं. खिडकीची तावदानं थरथरली.

काकू आत, दारापासून चार हातांवर उभ्या होत्या. लगेच उघडता आलं असतं. पण त्यांनी केस नीट केले, खुर्ची सरळ केली, तिच्यावरची धूळ पुसली. मग विचारलं, "कोण?"

"मी."

"कोण मी?"

मग भोंग्याचा आवाज शक्य तितका मऊ करून तो म्हणाला, "आई, येऊ का?"

काकूंनी दार उघडलं. मुलाने इस्त्रीचा शर्ट घातला होता. मागे सून तोंड दाबून हसत होती. काकूंना काहीतरी चेष्टेचं बोलायचं होतं, पण त्यांनी नुसती खुर्ची पुढे केली. मुलगा खुर्चीच्या कडेवर पाहुण्यासारखा बसला, दोन मिनिटं टिकला आणि मग उठून सवयीने फडताळातले डबे उघडायला लागला. "विचारून," काकू म्हणाल्या. त्याने विचारलं, आणि मग तिघंही भरपूर वेळ बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू दुकानात निघाल्या. जाताना सुनेला काहीतरी सांगायचं होतं, फार महत्त्वाचं नव्हतं. कठड्याला वळसा घालून त्या उजव्या दाराशी आल्या तेव्हा वाक्य तोंडात सुरूही झालं होतं. ते त्यांनी तसंच गिळलं. खांद्याला पिशवी होती. पिशवीत पट्टी होती, आकडे होते, तारा होत्या. काकूंनी पिशवी पायरीवर ठेवली आणि बोटांनी दार वाजवलं.

"थांबा हं, आई," आतून मऊ आवाज आला. "जरा वेळ लागेल."

"लागू दे," काकू म्हणाल्या आणि पायरीवर बसल्या. उभ्या जन्मात त्या बंद दारांपुढे किती वेळा बसल्या होत्या याची गणती नव्हती, पण समोरचं दार उघडणं हे आपलं काम नाही, असं आज पहिल्यांदाच झालं होतं.